विलायतेला न गेलेलं तेल

बादशहा अत्तारच्या आडनावाची गल्लीनं आयुष्यभर चेष्टा केली. बापजाद्यांनी कधीकाळी अत्तर विकलं असेल नसेल, पण बादशहा रस्त्यानं निघाला की पुढं जळक्या तेलाचा वास आणि मागं तो, असा प्रकार होता. जुम्म्याच्या नमाजाला तो अंगाला दोनदा साबण लावून, कानात अत्तराचा फाया खोचून जायचा. तरी शेजारचा माणूस नमाज संपला की हळूच विचारायचाच, "काय बादशहाभाई, आज भजी का वडं?" बादशहा हसून घ्यायचा. त्याला त्या वासाची लाज वाटत नव्हती.

सांगली-मिरजेपासून थेट महाबळेश्वरपर्यंतच्या हॉटेलांतनं, फरसाणवाल्यांकडनं, तळून तळून काळं झालेलं तेल गोळा करायचं आणि ते पुन्हा कुणाच्या कढईत जाऊ द्यायचं नाही, हा त्याचा धंदा. लोकांना त्यातला पहिला अर्धा भाग दिसायचा, तो स्वतः दुसऱ्या अर्ध्यासाठी जगायचा. कॅनचं झाकण उघडलं की आधी नाक खाली न्यायचा आणि मगच तेल आपल्या पिंपात ओतायचा. महाबळेश्वरच्या हॉटेलांचं तेल मक्याच्या पॅटिसचं, गोडसर. मिरजेच्या खानावळीचं मटणाचं, जड. गणपती पेठेतल्या फरसाणवाल्याचं हिंग आणि ओव्याचं. वास न घेता त्यानं तेलाचा थेंब कधी हलवला नाही. ते नाक त्याला जन्मानं मिळालं असेल, पण ती सवय लागायला घरातलं एक माणूस जावं लागलं.

त्याच्या बापाचा सांगलीच्या स्टँडबाहेर भज्यांचा गाडा होता. बापानं कढईतलं तेल कधी बदललं नाही. रोज आटेल तेवढं वरनं घालायचं, एवढाच त्याचा हिशोब. उरलेली भजी रात्री घरी यायची आणि भाकरीबरोबर संपायची. बादशहा मोठा झाला तसा त्यानं गाडा सोडून जरा वरची पायरी गाठली. मोठ्या हॉटेलांनी उतरवलेलं तेल स्वस्तात घ्यायचं आणि छोट्या गाडेवाल्यांना विकायचं. ज्याला आज गुन्हा म्हणतात त्याला तेव्हा काटकसर म्हणत. बादशहाही तसंच म्हणायचा आणि त्यातलंच बरं दिसणारं तेल गाळून घरी आणायचा. त्याची बायको जरिना त्यात कालवणाला फोडणी द्यायची.

जरिनाच्या पोटात गाठ निघाली. मिरजेचा डॉक्टर सरळ माणूस होता. एकट्या तेलाला दोष देता यायचा नाही, शंभर कारणं असतात, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. बादशहानं मात्र त्या शंभरातलं एकच ऐकलं. शेवटच्या महिन्यात जरिनाला तो वासच सोसेना. तो दारात आला तरी तिला उमासे यायचे. मग तो बाहेरच शर्ट काढून, उघड्या अंगानं तिच्या उशाशी येऊन बसायचा. शेजारच्या गल्लीतली धोंडुबाई दिवसभर जरिनाजवळ असायची, तिचं अंग पुसायची, पेज भरवायची. ती हे बघून तोंड फिरवून घ्यायची.

"आवं, माझं झालं ते झालं," जरिना एक दिवस म्हणाली. "पर ते तेल आता कुणाच्या पोराबाळांच्या पोटात घालू नका."

बादशहानं गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पीरसाहेबांच्या दर्ग्याच्या उंबऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली. जरिना गेली. शपथ राहिली, आणि खरं सांगायचं तर त्या शपथेनंच त्याला उभं ठेवलं. गाडेवाले त्याच्यावर चिडले. धंदा बसला. साबणवाला तेवढा तेल घ्यायचा, तोही उपकार केल्यासारखा. बादशहानं कित्येक वर्षं तशीच ओढली, पण एक थेंब कढईकडं जाऊ दिला नाही.

मग कुठं कोण जाणे त्या विलायतेतल्या सरकारांना बादशहाच्या तेलाची आठवण झाली.

तिकडं युरोपात कायदा झाला होता. हवा तापतेय, तेव्हा गाड्यांच्या इंधनात काही वाटा तरी जमिनीतनं उपसलेल्या तेलाचा नको, असा. आधी त्यांनी तो वाटा पिकांपासून काढला. मग तिथल्याच लोकांनी ओरड केली, की गाडीच्या टाकीसाठी माणसाच्या तोंडचं अन्न चाललंय, पामतेलासाठी जंगलं तुटतायत. तेव्हा दुसरा नियम आला. टाकाऊ मालापासून इंधन काढा, तळून उरलेलं तेल वापराल तर ते हिशोबात दुप्पट धरू. एका रात्रीत जगभरच्या कढयांच्या तळाला किंमत आली. बादशहाला ह्यातलं निम्मं उदयसिंहानं सांगितलं, निम्मं त्यानं स्वतःच जुळवलं.

हा उदयसिंह साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका बायोडिझेल कारखान्याचा खरेदी अधिकारी. फौजीचा पोरगा, ताठ बसणारा, शब्दाला पक्का. तो स्वतः जीप घेऊन सांगलीला आला आणि नदीकडच्या अंगाला असलेल्या बादशहाच्या पत्र्याच्या शेडमध्ये उलट्या बादलीवर बसून त्यानं चहा घेतला. तेल कुठल्या हॉटेलातनं आलं त्याची सही-शिक्क्याची चिठ्ठी हवी, भेसळ नको, बाकी जेवढं आणाल तेवढं घेऊ, असा त्याचा निरोप होता.

"सायेब, पुना ते खायाच्या तेलात तर जात न्हाई न्हवं?" बादशहानं विचारलं.

"बादशहाभाई, ते जहाजानं जातंय. तिथं मोटारीत जळतंय. संपलं."

संपलं, हा शब्द बादशहाच्या काळजाला जाऊन लागला. इतकी वर्षं तो जी गोष्ट एकटा रेटत होता ती आता एक अख्खा खंड कायदा करून रेटणार होता. त्यानं घरी येऊन जरिनाच्या फोटोसमोर उभं राहून ही बातमी सांगितली. मुलगा अजहर मागनं ऐकत होता, तोही हसला नाही.

पुढची काही वर्षं बादशहाच्या आयुष्यातली सुखाची. टेम्पो आला, अजहर तो चालवायला लागला. पिंपांचे दोन रंग झाले. हिरव्या झाकणाच्या पिंपात फरसाणवाल्यांचं तेल, लाल झाकणाच्या पिंपात खानावळींचं. लाल पिंप फरसाणवाल्याच्या पायरीला लागलेलं चालायचं नाही. उदयसिंह थट्टा करायचा, की विलायतेच्या इंजिनाला काय कळतंय शाकाहारी का मांसाहारी. "इंजनाला न्हाई, पर दुकानदाराला कळतंय," बादशहा म्हणायचा. कारखान्यात दोन्ही एकाच टाकीत जायची, हे त्याला माहीत होतं. तरी टाकीपर्यंत त्यानं कधी सरमिसळ होऊ दिली नाही. गाडेवालेही आता स्वतःहून तेल आणून द्यायला लागले, कारण नवं तेल आणि जुनं तेल ह्यांच्या भावात फारसं अंतरच उरलं नव्हतं.

अजहरची मुलगी रुक्सार त्याला बाबा म्हणायची. ती विचारायची, "बाबा, तिथल्या बसला भज्यांचा वास येतो का?"

"येत आसणार की. मिरचीच्या भज्याचं तेल पडलं तर डायवरला ठसका लागत आसंल."

ती पोरगी शाळेत सांगत सुटायची, की आमच्या बाबांच्या तेलावर परदेशातल्या बसा चालतात. आणि ते खोटंही नव्हतं.

पण जिथं टाकाऊ वस्तूला ताज्या वस्तूचा भाव येतो तिथं ताजी वस्तू टाकाऊ म्हणून विकायला किती वेळ लागतो? कुठल्यातरी लांबच्या देशांत नेमकं तेच चाललंय, अशी युरोपात बोलवा उठली. न वापरलेलं पामतेल वापरलेलं म्हणून येतंय, नुसते कागद रंगवलेत, म्हणून तिथल्या कारखानदारांनी गळा काढला. चौकश्या लागल्या, दुपटीच्या हिशोबाला कात्री लागली, आणि आशियाकडनं येणाऱ्या प्रत्येक पिंपाकडं तिथली माणसं चोराकडं बघावं तशी बघायला लागली. खरा चोर कुठं होता देव जाणे. साताऱ्याच्या कारखान्याची जहाजं थांबली. कारखान्यानं खरेदी थांबवली. आणि सांगलीत नदीकाठच्या शेडमध्ये पिंपांवर पिंपं चढायला लागली.

बादशहानं गोळा करणं थांबवायला हवं होतं, असं आपण म्हणू. तो थांबला नाही. आपण नाही घेतलं तर हे तेल गाड्यांवर जाईल, ही एकच धास्ती. पदरचं घालून तो तेल आणत राहिला. अजहर टेम्पो चालवत राहिला, पण त्याचा चेहरा दिवसेंदिवस आखडत चालला.

त्यात पावसाळा आला. सांगलीकर पावसाळ्यात घड्याळापेक्षा आयर्विन पुलाखालच्या पाण्याकडं जास्त बघतो. दोन हजार एकोणीसच्या महापुरात बादशहाची पिंपं उपडी होऊन सगळ्या गल्लीत तेलकट पाणी फिरलं होतं. पाणी उतरल्यावर प्रत्येक घराच्या भिंतीवर, कपाटांवर, पोरांच्या दप्तरांवर काळी चिकट रेघ राहिली होती. तेव्हा पिंपं थोडी होती. आता शेड काठोकाठ भरलेली. कोयनेतनं पाणी सोडणार म्हटल्यावर गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. पिंपं हलवा, नाहीतर आम्ही हलवतो, असं त्यांनी सांगितलं. त्यांचंही काही चुकत नव्हतं.

बादशहा सकाळच्या एसटीनं साताऱ्याला गेला. कारखान्याचं गेट बंद होतं. उदयसिंह आत एकटाच बसला होता, नेहमीसारखा ताठ, पण दाढी वाढलेली.

"सायेब, फुकट घ्या. भाव नगं. नुसतं ठिवून घ्या."

"कुठं ठेवू? माझ्या टाक्या भरल्यात. आवं, मलाच ह्या महिन्यात दुसरीकडं बघायला सांगितलंय."

"आपलं तेल तर खरं हाय. एकेका हाटेलाची चिठ्ठी हाय. तुमी त्यांना सांगा की."

उदयसिंहानं पुढ्यातली फाईल मिटली. "खरं हाय, बादशहाभाई. मला म्हाईत हाय, तुमाला म्हाईत हाय. पर तिथनं आता खरं-खोटं वेगळं दिसत न्हाई."

येताना पाऊस असा कोसळत होता की कराडच्या पुढं एसटी चालत नव्हती, सरपटत होती. ज्याला शिव्या द्याव्यात असं बादशहासमोर कुणी नव्हतंच. ज्यांनी नियम केला ती माणसं वाईट नव्हती. त्यांना जग गार राहायला हवं होतं. पण त्यांनी एक हात पुढं केला, बादशहानं त्यावर सगळा भार टाकला, आणि त्यांनी खाली न बघता तो हात काढून घेतला. सारा रस्ता तो पिंपांचा विचार करत आला.

शेडशी पोचला तर शेड रिकामी. ओल्या जमिनीवर पिंपांचे गोल डाग तेवढे. अजहर दाराला टेकून उभा होता.

"साबणवाल्यानं नेलं, अब्बा. ट्रक घिऊन आला हुता. समदं नेलं."

बादशहाच्या छातीवरचं ओझं उतरलं. अल्लाचं नाव घेऊन त्यानं डोळे पुसले. कुठला साबणवाला, हे त्यानं विचारलं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर हरेक गाडेवाल्याला तेल कुठनं आणलंस आणि कुठं घालतोस म्हणून भंडावलं, त्यानं आपल्या पोराला एका शब्दानं विचारलं नाही. दमला होता बिचारा, आणि ऐकायचं होतं तेच कानावर पडलं होतं.

त्या वर्षी पूर आलाच नाही. पाणी गल्लीच्या खालच्या घाटापर्यंत चढलं, दोन दिवस थांबलं आणि मागं गेलं.

पाऊस सरला आणि पीरसाहेबांचा उरूस आला. त्या उरुसाची नियाज, म्हणजे पीराच्या नावानं वाटायचा प्रसाद, गुलगुल्यांची, कणीक-गुळाच्या गोड भज्यांची. मटण मुद्दाम नाही, कारण सगळी गल्ली येते, हिंदू-मुसलमान सगळे. मार्केट यार्डातला कुणी अडत्या गुळाची ढेप पाठवतो, कुणी कणिक देतो, कुणी तेलाचे डबे आणून दर्ग्याच्या ओट्यावर ठेवून जातो. दिलं कुणी, हे विचारायचं नाही. दिलेल्याचं नाव निघालं की दान उष्टं होतं, असं तिथं मानतात. दुसरी रीत त्याहून कडक. फातिहाची दुवा होईपर्यंत नियाजेच्या जिन्नसाची चव घ्यायची नाही आणि वासही घ्यायचा नाही. जरिना होती तोवर गुलगुले तिच्या हातचे. ती गेल्यापासून कढईशी बादशहा बसायचा, भज्यांच्या गाड्यावर घडलेला हात म्हणून.

दुपारच्या नमाजानंतर चूल पेटली. ओट्यावर सूर्यफुलाचं चित्र छापलेले नवे कोरे डबे होते. बादशहानं एकेक डबा फोडला आणि मान बाजूला वळवून, रीतीप्रमाणं नाक लांब ठेवून, कढईत ओतला. तेल दिसायला पिवळंधमक होतं. तापलं तसं त्यानं पिठाचा पहिला घाणा सोडला.

गुलगुला तेलात पडला की कडेनं मोठे बुडबुडे येतात आणि विरतात. इथं फेस आला. बारीक, साबणासारखा, कढईच्या काठाला चढत जाणारा फेस. आणि त्याच्यामागनं वास वर आला. रीत राहिली बाजूला, वास काय नाक धरून थांबतो? मुलतानी मातीसारख्या कशातनं तरी गाळून त्याचा रंग काढला होता, पण आच लागल्यावर आतलं सगळं बाहेर आलं. मक्याचं पॅटिस, हिंग, ओवा, आणि त्या सगळ्यांखाली मटणाची जड चरबी. महाबळेश्वरचं, गणपती पेठेतलं आणि मिरजेचं तेल एका जागी फक्त एकाच माणसाच्या शेडमध्ये होतं. तिथंही ते हिरव्या आणि लाल झाकणाखाली वेगळं होतं. कुणीतरी ते एकत्र ओतलं होतं.

बादशहानं मान वर केली. अजहर समोर परात धरून उभा होता. त्यानंही फेस बघितला होता. त्याच्या हातातली परात कलली.

"साबणवाला न्हवता," बादशहा हळू आवाजात म्हणाला.

"ट्रकवाला साबणालाच म्हणत हुता, अब्बा." अजहरनं परात सावरली. "पर साबणवाला एवढा भाव देत न्हाई, ते मला कळत हुतं. लोक दारात हुते. पाणी चढत हुतं. मी काय करू?"

हाच तो क्षण, की ज्यात माणसाचं सगळं आयुष्य पणाला लागतं, आणि नेमकं तेव्हाच आजूबाजूला पोरं हसत असतात. कढई उपडी करावी, असं बादशहाच्या मनात आलं. हातात झाराही घट्ट धरला. पण कढई उपडी केली की सगळे विचारणार. हे तेल कुणाचं, तुला कसं कळलं, ट्रक कुणी भरून दिला? मग पोलीस, मग अजहर. चाळीस घरांचं एक तोंड होऊन त्याच्या पोराकडं वळणार. जरिनाचा पोरगा तो. शपथ जरिनाला दिलेली, आणि पोरगाही जरिनाचाच.

बादशहानं झाऱ्यानं फेस बाजूला सारला आणि दुसरा घाणा सोडला. एका दिवसाच्या तेलानं कोण मरतंय, असं तो स्वतःशी म्हणाला. त्याचा बाप हेच म्हणायचा. घाण्यामागनं घाणे निघाले. धुरानं त्याच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं, येणाजाणाऱ्यांना त्यात नवल वाटलं नाही. परात भरली, फातिहा झाली, आणि पत्रावळी मांडल्या गेल्या. वाढायचा मानही कढईशी बसलेल्याचा. त्यानं सगळ्यांना वाढलं. नमाजानंतर त्याची थट्टा करणाऱ्याला वाढलं, पिंपं हलवा म्हणून दारात आलेल्यांना वाढलं. धोंडुबाई दरवर्षीप्रमाणं भिंतीशी पाय पसरून बसली होती. तिच्या पत्रावळीवर त्यानं चार गुलगुले ठेवले, तेव्हा तिनं त्याच्या हातावरनं हात फिरवला.

"जरिनाची आठवण येती बघ गुलगुलं दिसलं की," ती म्हणाली आणि एक तोंडात घातला.

तेवढ्यात रुक्सार आली. नवा झगा, मेंदी लावलेले हात, मैत्रिणींना ढकलत थेट पुढं. तिनं परातीतला गुलगुला आपणच उचलला आणि तोंडाकडं नेला.

बादशहानं तिच्या हातावर फटका मारला. गुलगुला उडून फरशीवर पडला. तो पोरीला दोन्ही हातांनी मागं ओढत होता आणि तिच्या बोटांना लागलेलं तेल आपल्या सदऱ्याला खसाखसा पुसत होता. पोरगी आधी गोंधळली, मग मोठ्यानं रडायला लागली. बसलेल्या पंगतीची सगळी तोंडं वळली. अजहर परात खाली ठेवून तिथंच उभा राहिला.

धोंडुबाईचा दुसरा घास हातातच होता. तिनं रुक्सारकडं बघितलं, मग फरशीवरच्या गुलगुल्याकडं, मग बादशहाकडं.

"का रं बादशहा," ती म्हणाली, "आमी समदी खातोय. पोरीला तेवढं का न्हाई?"

बादशहा पोरीची बोटं पुसतच राहिला. धोंडुबाईनं हातातला घास पत्रावळीवर परत ठेवला. तिच्या शेजारणीनंही ठेवला.